पिवळ्या जिंकायला हव्यात

"पिवळ्या जिंकायला हव्यात," दळवी मॅडम म्हणाल्या. "बस्स. बाकी आपल्या हातात काही नाही."

आम्ही तेवीस जणी स्टँडच्या पायऱ्यांवर पसरलो होतो. अर्ध्या पोरींच्या पायांत अजून चिखलाचे मोजे होते, दोघी-तिघी टॉवेलात तोंड खुपसून रडत होत्या. पाऊण तासापूर्वी यजमानांनी आम्हाला एक-शून्य हरवलं होतं. ट्रॅकसूट घालून कोरडी बसलेली मी एकटीच होते, कारण त्या सामन्यात मला बंदी होती.

"त्या पिवळ्या?" नसीमनं विचारलं.

"ज्यांना आपण परवा नऊ गोल मारले, त्या."

नसीम मुल्लाणी गडहिंग्लजची, आमच्या बचावफळीतली. मी प्रणाली चौगुले, नसीमची 'पणी', कोल्हापूरची, पुढं खेळणारी. अख्ख्या संघात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघी आणि तिसऱ्या म्हणजे आमच्या मॅनेजर, दळवी मॅडम. त्यामुळं आमचं तिघींचं चांगलं जमायचं. फक्त आम्ही 'मी आलो, मी गेलो' म्हटलं की साताऱ्याच्या मॅडम कपाळाला हात लावायच्या. कोल्हापूरकडच्या पोरी तशाच बोलतात. लिहिताना मात्र मी अजून शाळेतल्या बाईंच्या धाकानं आले-गेले असंच लिहिते.

स्पर्धा एकोणीस वर्षांखालील मुलींची होती, आशियाची, आणि ही तिची पात्रता फेरी. आमच्या गटात चार संघ. त्यांची नावं मी इथं लिहीत नाही. तेव्हाही आम्ही त्यांना जर्सीच्या रंगांनीच ओळखायचो. यजमान पांढऱ्या, मग हिरव्या, मग कुठल्याशा बेटांवरून आलेल्या पिवळ्या, आणि निळ्या आम्ही. पांढऱ्यांनी तिन्ही सामने जिंकले म्हणजे गटात पहिल्या त्या. आम्ही हिरव्यांना एक-शून्य आणि पिवळ्यांना नऊ-शून्य हरवलं होतं, म्हणजे दुसऱ्या. दुसऱ्या क्रमांकाच्या संघांसाठी पुढच्या फेरीत एकच जागा उरली होती, आणि तिच्यावर आमच्याखेरीज आणखी एका गटातल्या संघाचा डोळा होता. त्यांचे गोल वजा-बेरीज करून अधिक दोन.

"आपले अधिक नऊ आहेत की मॅडम," मी म्हणाले. "झालं मग! कशाला रडालेत ह्या सगळ्या?"

"नियम ऐक आधी," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पाण्याच्या चार बाटल्या ओळीनं पायरीवर मांडल्या. "एका गटातला संघ ऐनवेळी आलाच नाही. तिथं तीनच संघ खेळले. मग सगळ्यांची तुलना सारखी व्हावी म्हणून काय करतात, तर प्रत्येक गटातला शेवटचा संघ धरायचाच नाही. त्याला मारलेले गोल, मिळालेले गुण, सगळं वजा." आणि त्यांनी चौथी बाटली बोटानं ढकलून दिली. ती गडगडत दोन पायऱ्या खाली गेली.

"म्हंजे आपले नऊ गोल—"

"पिवळ्या शेवटच्या आल्या तर गेले. हिरव्यांना मारलेला एक आणि आज खाल्लेला एक, एवढंच उरतं. म्हणजे गुण त्यांच्याइतकेच, पण गोल शून्य. घरी. पण पिवळ्यांनी आता हिरव्यांना हरवलं, तर शेवटच्या हिरव्या. मग आपले नऊच्या नऊ जागेवर. वजा आजचा एक. अधिक आठ."

"आणि बरोबरी झाली तर?"

"तर पिवळ्याच शेवटच्या. त्यांनी बारा खाल्लेत."

ज्या संघाला आम्ही परवा हसत होतो, त्या संघाच्या पायांवर आता आमचं सगळं आलं होतं. मी बारावीची परीक्षा सोडून आले होते. चार वर्षं कॅम्पातल्या पत्र्याच्या ट्रंकेवर काढली होती. नसीमचं तर वयच संपत होतं, पुढच्या वर्षी ती एकोणिसात बसणार नव्हती. मला बसवेना. मी उठले, दोन पायऱ्या वर गेले, परत आले, जॅकेटची नाडी तोंडात घातली.

मैदान एकच होतं, म्हणून सामने एकामागून एक. संध्याकाळचे पाच वाजत आले होते. पिवळ्या सरावाला उतरल्या आणि त्यांच्या गोलात एक उंच, काटकुळी पोरगी जाऊन उभी राहिली. चेंडू आला की ती आधी डोळे मिटत होती.

"ही कोण?" नसीम म्हणाली. "परवाची कुठं हाय, ती बुटकी?"

परवाची बुटकी मला आधीच दिसली होती. ती खाली कुंपणापाशी उभी होती, अंगात पिवळा टीशर्ट, उजवा हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्टीत.

परवाचं सांगायला हवं. आठ-शून्य झाले होते आणि त्यातले चार माझे. खरं तर बारा झाले असते, पण ती बुटकी गोलकीपर, जर्सीवर तेवी लिहिलेली, एकेक चेंडू असा काढायची की मलाच कौतुक वाटावं. वाटलं नाही. मला राग आला. आमच्या कोल्हापुरात सामना बघायला येणारं माणूस गोल मोजतं आणि कुणी मारले ते वर्षभर लक्षात ठेवतं. चार म्हणजे चांगलं, पाच म्हणजे नाव. त्यात कोच सर बाहेरून ओरडत होते, "थांबू नका, गोलफरक, गोलफरक!"

ऐंशीव्या मिनिटाला चेंडू आमच्या दोघींच्या मध्ये सुटा पडला. ती हात पुढं टाकून झेपावली, मी धावत आले, आणि माझा बूट तिच्या हातावर पडला. रेफरीनं शिट्टी मारून मला पिवळं कार्ड दाखवलं. पहिल्या सामन्यातलं एक आणि हे एक, म्हणजे पुढच्या सामन्यात बाहेर. ते मला रात्रीच्या जेवणाच्या वेळी मॅडमनी सांगितलं तेव्हा कळलं. "पाय घसरला," मी सगळ्यांना सांगितलं. चिखल होताच. कुणी खोदून विचारलं नाही.

पिवळ्यांचे बदली खेळाडू संपले होते. तेवीच्या हातावर फवारा मारला, चिकटपट्टी गुंडाळली आणि ती पुन्हा गोलात उभी राहिली. तीन मिनिटांनी मी चेंडू सरळ तिच्या अंगावर मारला. असला फटका तिनं एरवी झोपेत धरला असता. तो तिच्या हातांना लागून मागं गेला. माझा पाचवा.

मी थेट कुंपणाकडं पळाले. आपल्याकडं गोल मारणारा लोकांकडंच जातो, त्याशिवाय गोल मारल्यासारखं वाटत नाही. तिथं कामाला असलेले सांगलीकडचे पाच-सहा वेल्डर सामना बघायला आले होते. ते जाळीला लोंबकळून ओरडत होते, "नाद खुळा! नाद खुळा!" मी जाळीतून त्यांच्या बोटांना बोटं लावली. मागं वळून पाहिलं नाही.

शिट्टी झाली. हिरव्या-पिवळ्यांचा सामना सुरू झाला आणि आमच्या पोरींनी एकच गलका केला. "यलो! यलो!" मणिपूरच्या दोघी पायरीवर बाटल्या बडवत होत्या, तामिळ पोरी शिट्ट्या मारत होत्या. अख्ख्या स्टेडियमात पिवळ्यांच्या बाजूनं ओरडणाऱ्या आम्हीच.

तेवीनं वळून वर पाहिलं. आधी तिला खरं वाटेना. मग ती हसली, पायऱ्या चढून वर आली आणि नेमकी माझ्या शेजारी रिकामी जागा होती तिथं येऊन बसली. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं. इथं मराठीतच सांगते.

"आमच्यासाठी ओरडता?" तिनं विचारलं.

सगळ्यांनी एकमेकींकडं पाहिलं. शेवटी नसीम म्हणाली, "तुम्ही चांगल्या खेळता."

"आम्ही?" तेवी मोठ्यानं हसली. "आम्ही कधीच जिंकलो नाही. एक गुणसुद्धा नाही. कधीच."

तिनं डाव्या हातानं पिशवी उघडली आणि तळलेल्या केळ्यांचे काप पुढं केले. सगळ्यांनी घेतले. मीही घेतला. तो काप तोंडात किती वेळ फिरत राहिला कुणास ठाऊक, गिळवेना.

पहिल्या अर्ध्यात गोल झाला नाही. हिरव्यांचे दोन फटके खांबाला लागले आणि दोन्ही वेळा आमच्यापैकी अर्ध्याजणींनी डोळे झाकले. ती काटकुळी गोलकीपर चेंडू नुसता ढकलत होती, धरत नव्हती. प्रत्येक वेळी तेवी पुटपुटायची, काहीतरी सूचना द्यायची, इतक्या लांबून कोण ऐकतंय. मी घड्याळाच्या फलकाकडं बघायचे, मैदानाकडं बघायचे, पण डावीकडं तिच्या हाताकडं बघायचं टाळायचे.

मध्यंतरात मी नळावर गेले. नसीम मागोमाग आली.

"तिच्या हाताला काय झालंय विचारलीस का?"

"न्हाई."

"दोन बोटं मोडल्यात. मी विचारलो. दीड महिना पट्टी."

"मग मी काय करू?" मी तोंडावर पाणी मारलं. "पाय घसरला म्हणून सांगितलो नव्हं तुला?"

"सांगितलीस."

"मग?"

"घसरल्यावर माणूस पडतंय, पणे," नसीम शांतपणे म्हणाली. "तू उभीच हुतीस. मी दहा हातावर हुतो."

आणि नळ बंद करून ती निघून गेली. तिच्यामागं धावावं आणि भांडावं असं वाटलं, पण भांडणार काय? मी तिथंच उभी राहून ओल्या हातांनी ओलं तोंड पुसत राहिले.

परत आले तर तेवी माझी जागा राखून बसली होती. तिनं पिशवी माझ्या जागेवर ठेवली होती, कुणी बसू नये म्हणून. आमच्या पोरींना ती आपल्या बेटावरचं एक आरोळीसारखं गाणं शिकवत होती. होडी पाण्यात ढकलताना म्हणतात म्हणे. शेवटच्या शब्दावर सगळ्यांनी उठून हात वर करायचे. बावीस पोरी शिकल्या. मी ओठ हलवले.

अठ्ठावन्नाव्या मिनिटाला पिवळ्यांना कॉर्नर मिळाला. चेंडू आत आला, कुणाच्या गुडघ्याला लागला, कुणाच्या पाठीला लागला आणि घरंगळत जाळ्यात गेला. कुणाचा गोल ते त्यांनाही समजलं नसेल. आमच्या स्टँडात मात्र भूकंप झाला. दळवी मॅडम, ज्यांना मी कधी मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं, त्या दोन्ही हात वर करून होडीचं गाणं म्हणत होत्या. तेवीनं डाव्या हातानं माझ्या गळ्याला मिठी मारली. "एक!" ती म्हणत होती. "एक, एक!"

एक-शून्य. बत्तीस मिनिटं राहिली होती.

मी मनात ठरवलं, जिंकल्या की सांगते हिला सगळं. सत्तराव्या मिनिटाला वाटलं, जिंकल्या तर सांगायचं कशाला? आनंदात आहे बिचारी, कशाला विरजण घालायचं? पंचाहत्तराव्या मिनिटाला तर मी मनातल्या मनात पुढच्या फेरीचं विमान गाठलं होतं आणि तिथून हिला काहीतरी छानसं पाठवायचंसुद्धा ठरवून टाकलं होतं. माणूस स्वतःला किती स्वस्तात सोडवतं! आणि इकडं पाय थांबत नव्हते. खालची पायरी मी टाचेनं इतकी बडवली की पुढं बसलेली मणिपुरी पोरगी वैतागून उठून गेली.

"किती राहिली?" मी दर अर्ध्या मिनिटाला विचारत होते.

"फलक दिसतोय की समोर," मॅडम खेकसल्या. "जीव नको खाऊस, चौगुले."

हिरव्या आता सगळ्याच्या सगळ्या पुढं आल्या होत्या. पिवळ्या दमल्या होत्या. चेंडू मिळाला की लांब भिरकावत होत्या आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकत होत्या. ऐंशी. त्र्याऐंशी. पंच्याऐंशी.

शहाऐंशीव्या मिनिटाला डावीकडून एक चेंडू उंच आत आला. त्यात जोर नव्हता, वेग नव्हता, अगदी पोरीसोरींनी झेलावा असा चेंडू. काटकुळी गोलकीपर दोन पावलं पुढं आली. मग थांबली. मग मागं सरकायला लागली. माझ्या शेजारी तेवी उभी राहिली आणि तिचे दोन्ही हात आपोआप वर गेले, पट्टीतलासुद्धा, चेंडू जिथं पडणार होता नेमके तिथं.

"माझा," ती म्हणाली. गोलकीपर चेंडू घेताना ओरडतात तशी.

चेंडू काटकुळीच्या डोक्यावरून मागं पडला. हिरव्यांच्या एका पोरीनं तो नुसता कपाळ लावून आत ढकलला.

एक-एक.

आमच्याकडं कुणी ओरडलं नाही. कुणीतरी बाटली खाली ठेवली तिचा आवाज आला. उरलेली मिनिटं कशी गेली मला आठवत नाही. पिवळ्यांनी एकदा मध्यरेषा ओलांडली एवढं आठवतं. मग शिट्टी झाली आणि मॅडमनी शांतपणे उरलेल्या तीन बाटल्या पिशवीत भरल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "बस उभी आहे. रडायचं ते बसमध्ये."

पोरी एकेक उठल्या. नसीम माझ्या समोरून गेली. ती रडत नव्हती, नुसती बुटांची नाडी हातात धरून चालली होती. तिचं शेवटचं वर्ष तिथं त्या पायऱ्यांवर संपलं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं असतं, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पाहिलं नाही.

आणि खाली मैदानात पिवळ्या वेड्या झाल्या होत्या. कुणी गवतावर लोळत होतं, कुणी एकमेकींच्या पाठीवर बसलं होतं. त्यांच्या कोच बाई गुडघ्यांवर बसून जमिनीला कपाळ लावत होत्या. त्यांच्या देशाचा तो पहिला गुण होता. आमचं वाटोळं करणाऱ्या गोलाचं त्यांना दुःखच नव्हतं. बरोबरी म्हणजे त्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

तेवीनं मला मिठी मारली. ती रडत होती, हसत होती. तिचा पट्टीचा हात माझ्या पाठीवर लागत होता, कडक, लाकडासारखा. "गुण!" ती म्हणत होती. "आम्हाला गुण मिळाला!"

मला ते सहन होईना. सगळ्या गोष्टी एकदमच कळल्या असं नाही, पण एक कळलं. मी मारलेले पाच आणि बाकीचे चार गोल ज्या हातांवर टिकून राहिले असते, ते हात मीच मोडले होते, आणि ते हात आता माझ्या गळ्यात होते.

मी तिला बाजूला केलं.

"परवा," मी म्हणाले. शब्द जुळवायला वेळ लागत होता. "तुझा हात. माझा पाय घसरला नव्हता."

ती बघत राहिली.

"तुझे हात दिसले होते मला. पाय काढता येत होता. वेळ होता. मी काढला नाही. मला पाचवा गोल हवा होता आणि तू काढत होतीस सगळे."

तिचा डावा हात अजून माझ्या खांद्यावर होता. तो तिनं हळूच काढून घेतला. चेहऱ्यावरचं हसू मात्र एकदम गेलं नाही, सावकाश गेलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी खाली होते. वर बघत होते. तुझं तोंड दिसत होतं मला."

"मग इथं का येऊन बसलीस? माझ्याजवळ?"

"तू सांगतेस का बघायला."

खालून तिच्या पोरी तिला हाका मारत होत्या, फोटोसाठी. तिनं त्यांना हात केला. मग पायरीवरची केळ्यांच्या कापांची पिशवी उचलली, तिचं तोंड दातांनी आवळून बांधलं, आणि जाता जाता समोरच्या फलकाकडं मान केली. तिथं अजून नव्वद हा आकडा लागलेला होता.

"खूप वेळ लागला तुला," ती म्हणाली.

आणि ती पायऱ्या उतरायला लागली. कुठल्याही भाषेतली पोरगी ओळखेल असा एक साधा शब्द माझ्याकडं होता, आणि एवढ्या सगळ्या बोलण्यात तोच म्हणायचा राहिला होता. तो म्हणायला मी तोंड उघडलं तोवर ती मैदानात पोचली होती आणि तिच्या पोरींनी तिला खांद्यांवर उचललं होतं.